हॅमस्टरला मराठीत काय म्हणायचं? (कोल्हापूरकरांनी जरूर लिहावं)

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आमच्या घरात चार दिवस झाले तो मिटत नाही, म्हणून धागा काढतेय.

माझी लेक चौथीत आहे. दिवाळीत तिच्या मामानं तिला हॅमस्टर आणून दिला. तांबूस-सोनेरी पाठ, पांढरं पोट, शेपूट असून नसल्यासारखं. परवा शाळेत 'माझा आवडता पाळीव प्राणी' हा निबंध होता. तिनं दीड पान मन लावून लिहिलं. वही परत आली, तर जिथं जिथं 'हॅमस्टर' होतं तिथं लाल शाईची काट आणि वर 'पांढरा उंदीर'. सात ठिकाणी. खाली शेरा, 'मराठी शब्द वापरावेत.' पोरगी दप्तर टाकून रडायलाच लागली. "आई, तो पांढरा नाही आणि उंदीर पण नाही. मग मी खोटं लिहिलं असं होईल ना?"

मला तिचं म्हणणं पटलं. उत्तर मात्र देता आलं नाही, कारण मराठी शब्द मलाही माहीत नव्हता.

शब्द सापडला तो सासूबाईंकडे. हा प्राणी घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ज्वारी पाखडत बसल्या होत्या. सुपातली मूठभर ज्वारी त्यांनी पिंजऱ्यात टाकली. हा पुढं आला. एकेक दाणा दोन्ही पंजांत धरायचा आणि तोंडाच्या कडेला सारायचा. चावत अजिबात नव्हता. आधी डावा गाल भरला, मग उजवा. बघता बघता तोंड खांद्यांपेक्षा रुंद झालं. मग तसाच लडबडत कोपऱ्यात गेला, पंजे गालांवरून मागून पुढं दाबत आणले आणि सगळी ज्वारी कागदाच्या कपट्यांखाली ओतून मोकळा झाला. पुन्हा आला, पुन्हा भरली.

सासूबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर तोबरा भरतोय की!"

त्यांचे वडील टांगा हाकायचे, स्टेशन ते गंगावेश. दुपारी घोडा सोडला की भिजवलेल्या हरभऱ्याची गोणपाटाची पिशवी त्याच्या तोंडाला अडकवायची, तो तोबरा. घोडा मान हलवत आतल्या आत खात राहायचा, आणि तो 'कुडुम कुडुम' आवाज त्यांना आजही आठवतो. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या प्राण्याचं नाव तोबऱ्या. शेजारच्या काकू 'हामिष्टर' म्हणतात, दुकानदार 'हॅम्स्टर' म्हणतो, यजमान नुसतंच 'तुझा तो'.

तर विचारायचं असं. हॅमस्टर या शब्दाचा मुळात अर्थ काय? मराठीत त्याला रूढ नाव आहे का? तुमच्या घरी काय म्हणता? आणि 'हॅमस्टरला' लिहायचं की 'हॅमस्टराला'? लेकीला वही घेऊन परत शाळेत जायचं आहे, आणि या वेळी तिच्या हातात काहीतरी पक्कं असावं असं मला वाटतं.

पेठेतला_गडी | सोमवार, रात्री १०:०५

वहिनी, तोबऱ्या हे नाव लई भारी आहे. दुसरं शोधूच नका. आमच्या आज्जीच्या तोंडात पानाचा तोबरा असायचा, तेव्हा तिच्याशी बोलायला गेलं की ती नुसती हाताने थांब म्हणायची. तोबरा म्हटलं की फुगलेला गालच डोळ्यापुढं येतो.

कळंबा_ते_स्टुटगार्ट | सोमवार, रात्री ११:२०

अर्थाचं मी सांगू शकतो, कारण तो शब्द मला जगायलाच लागला.

हॅमस्टर हा शब्द इंग्रजीत जर्मनमधून आला. जर्मनमध्ये त्याचं क्रियापदही आहे, 'हॅम्स्टर्न', म्हणजे घरात माल भरून ठेवणं. मी फौंड्रीच्या कामासाठी स्टुटगार्टला होतो, मार्च २०२०. कोविडची टाळेबंदी येणार अशी कुजबुज सुरू झाली आणि सुपरमार्केटमधलं पीठ, पास्ता, टॉयलेट पेपर दोन दिवसांत गायब. पेपरात, टीव्हीवर, दुकानाच्या दारावरच्या चिठ्ठीवर एकच शब्द, 'हॅम्स्टरकाउफ'. हॅमस्टरसारखी खरेदी. मला वाटलं नवीन टूम असेल. घरमालकीण ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, हा शब्द माझ्या आईच्या तोंडचा आहे. महायुद्धानंतर शहरात खायला नव्हतं, तेव्हा लोक घरातले गालिचे, घड्याळं, चमचे पिशवीत घालून आगगाडीनं खेड्यात जायचे आणि शेतकऱ्याकडून बदल्यात बटाटे आणायचे. त्या प्रवासाला 'हॅम्स्टरफार्ट' म्हणत. लहानपणी ती आईबरोबर अशी गेली होती. बोलता बोलता ती उठली आणि फडताळ उघडून दाखवलं. दोन किलो पीठ, मीठ, काड्यापेट्या. "एवढं नेहमी असतंच," म्हणाली.

तेव्हा मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आणि कोल्हापूरला येणारी वाट कित्येक दिवस बंद. पेट्रोलपंपावर रांगा, दूध नाही, भाजी नाही. माझी आई तेव्हा शेजारच्या तीन घरांना तांदूळ देत होती, कारण तिच्याकडे होता. तिनं तो घाबरून भरला नव्हता. दर वर्षी जूनच्या आधी भरते तसाच भरला होता. आपल्याकडे त्याला बेगमी म्हणतात. पावसाळ्याची बेगमी.

म्हणून मी म्हणतो, 'हॅम्स्टर्न'ला साठेबाजी म्हणू नका. साठेबाज हा भाव वाढायची वाट बघणारा व्यापारी. हा प्राणी स्वतःच्या पोटापुरतं भरतो. ताईंच्या लेकीनं निबंधात 'तो बेगमी करतो' असं लिहिलं, तर त्याहून नेमकं वाक्य मला सुचत नाही.

शब्दांचा_माग | मंगळवार, सकाळी ७:१५

काय सुंदर धागा आहे हा. वर दोन शब्द आलेत, तोबरा आणि बेगमी. दोन्ही फारसीतून मराठीत आलेले. बेगमी म्हणजे बे-गम, ज्याला चिंता उरली नाही अशी स्थिती. घरात धान्य भरलं की घोर मिटतो, म्हणून त्या धान्यालाच आपण बेगमी म्हणू लागलो. जर्मन शब्दात भीती आहे, आपल्या शब्दात भीती संपल्यानंतरचा श्वास आहे. कळंब्याच्या मित्रांनी आईचं जे उदाहरण दिलं ते अर्थाला अगदी धरून आहे.

आता हॅमस्टर. जर्मनमध्ये तो बहुधा स्लाव्ह भाषांतून, म्हणजे रशियन-पोलिशच्या कुळातून, गेला. जुन्या स्लाव्हॉनिकमध्ये 'खोमेस्तोर' असा शब्द आहे. काही अभ्यासक त्याचा धागा आणखी मागं, अवेस्तेतल्या, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या, 'हमएस्तर' या शब्दाशी जोडतात, अर्थ 'खाली पाडणारा'. धान्याचं ताट वाकवून, आडवं पाडून कणसातले दाणे काढणारा, अशी त्यामागची कल्पना. शिवारात ज्वारीवर उंदीर चढलेला ज्यानं बघितलाय त्याला हे सांगायला नको.

इंग्रजीत हा शब्द रुळायच्या आधी त्या प्राण्याला 'जर्मन रॅट' म्हणत. म्हणजे लेकीच्या वहीत जे झालं ते इंग्रजांनीही एकदा करून बघितलं होतं, आणि पुढं सोडून दिलं.

इतर भाषांनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. चिनी लोक त्याला 'त्सांगशू' म्हणतात, कोठारातला उंदीर. हिब्रूत 'ओगेर', साठवणारा. पोलिश भाषेत प्राणी 'खोमिक' आणि त्याच्यावरून क्रियापद 'खोमिकोवाच', अर्थ पुन्हा तोच, भरून ठेवणं. डच आणि स्वीडिशमध्येही जर्मनसारखंच क्रियापद आहे. इतक्या दूरदूरच्या लोकांनी या प्राण्याकडे बघून एकच गोष्ट टिपली.

आपल्या उंदराचं नाव मात्र वेगळ्या वाटेनं जातं. संस्कृतात 'मुष्' म्हणजे चोरणे, आणि मूषक या शब्दाचा अर्थ त्यावरून चोर असा लावतात. मराठी म्हणही चोरीचीच, 'उंदीर गेला लुटी, आणल्या दोन मुठी.' उंदीर चोर ठरला आणि हॅमस्टर कारभारी. दोघं करतात तेच.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो. आज पिंजऱ्यात दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातला. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउस यांनी लंडनमध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण पुढं बराच काळ जिवंत प्राणी कुणी फारसा हाताळला नाही. १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी अलेप्पोजवळ गेले. त्यांच्या सहकाऱ्याला लेश्मानियासिसवर, म्हणजे आपल्याकडच्या काळा-आजाराच्या गटातल्या रोगावर, संशोधन करायला असा प्राणी हवा होता. गव्हाच्या शेतात खणत खणत खोलवर एक मादी आणि तिची पिल्लं सापडली. घराघरांत आज जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते बहुतेक सगळे त्या एका घरट्यातल्या पिल्लांचे वंशज. आणि त्या भागातले अरब लोक या प्राण्याला जे नाव देत, त्याचा अर्थ होतो खोगिराच्या पिशव्यांचा धनी.

मराठीत आपण अशा दोन तोंडांच्या पिशवीला पडशी म्हणतो. खांद्यावर टाकली की एक बाजू पुढं, एक मागं.

रंकाळाकाठ, तुमच्या सासूबाईंनी सीरिया पाहिलेला नाही. त्यांनी वडिलांचा घोडा पाहिला होता. अलेप्पोच्या शेतकऱ्यानंही जनावराच्या पाठीवरची पिशवीच पाहिली होती. मला हे सकाळी लिहिताना अंगावर काटा आला.

निपाणीचा_मित्र | मंगळवार, सकाळी ९:३०

नावांची गंमत निघालीच आहे म्हणून. इंग्रजीत घुशीला 'बँडिकूट' म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून गेला. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुकराएवढा उंदीर! आमच्याकडे सीमेवर कन्नडमध्ये घूस म्हणजे 'हेग्गण' आणि साधा उंदीर 'इलि'. तंबाखूच्या वखारीत लहानाचा मोठा झालो, तिथं माणसं एका वाक्यात मराठी-कन्नड दोन्ही वापरायची, पण इलि म्हणायचं तिथं हेग्गण कुणी म्हणत नसे. किती मोठं बीळ बुजवायचं ते त्यावर ठरायचं.

जनावरांचा_दवाखाना | मंगळवार, दुपारी २:१०

मी पशुवैद्यक आहे, कोल्हापुरातच. या धाग्यावर मला थोडं कळकळीनं लिहायचं आहे, कारण नाव चुकलं की प्राणी मरतो हे मी टेबलावर बघतो.

गेल्या महिन्यात एक कुटुंब आलं. "डॉक्टर, हॅमस्टर लंगडतोय, खात नाही, हिरड्यांतून रक्त येतंय." खोका उघडला तर आत गिनिपिग. दुकानात त्यांना 'मोठा हॅमस्टर' म्हणून दिला होता. त्यांनी नेटवर हॅमस्टरचा आहार वाचला आणि बिचाऱ्याला काही आठवडे नुसतं सुकं धान्य आणि बिया घातल्या. गिनिपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, माणसासारखंच. त्याला रोज ते बाहेरून मिळायला लागतं. या प्राण्याला स्कर्व्ही झाला होता. हॅमस्टर स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्याच्या आहारात ही काळजी कुणी लिहीत नाही. गिनिपिग वाचला. ढोबळी मिरची, कोथिंबीर, थोडा आवळा आणि औषधं. पण आठ दिवस उशीर झाला असता तर गेला असता.

हे दुखणं विज्ञानाच्या इतिहासात मोलाचं आहे. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनिपिगांत स्कर्व्ही दिसला, आणि त्यातूनच क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट निघाली. त्याआधी १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनिपिगांवरच. म्हणून आपल्या पेपरात 'विद्यार्थ्यांचा गिनिपिग करू नका' असं छापून येतं. हॅमस्टरचं नाव साठवणुकीला चिकटलं, याचं प्रयोगाला.

आणि गिनिपिग हे नाव तर सगळीकडून चुकीचं. तो गिनीचा नाही, डुक्करही नाही. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात तो हजारो वर्षांपासून पाळतात, खाण्यासाठी. तिथली माणसं त्याच्या आवाजावरून त्याला 'कुई' म्हणतात. जर्मनमध्ये तो समुद्रातलं छोटं डुक्कर आणि फ्रेंचमध्ये चक्क भारतातलं डुक्कर! आवाज ऐकून ठेवलेलं नाव तेवढं खरं.

आता मुलीच्या 'उंदीर नाही' या म्हणण्याबद्दल. बाळा, तू बरोबर आहेस, पण थोडं जास्तीचं शिकून घे. उंदीर, घूस, खार, साळिंदर, राधानगरीच्या जंगलातलं शेकरू, गिनिपिग आणि तुझा हॅमस्टर, हे सगळे कृंतक, म्हणजे कुरतडणारे. यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ससा यात येत नाही आणि चिचुंद्रीही नाही. घरातला उंदीर आणि हॅमस्टर यांची कुळं मात्र वेगळी. मांजर आणि वाघ जेवढे जवळचे, तेवढेही हे जवळचे नाहीत.

पाळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोनेरी हॅमस्टर मोठा झाला की एकटाच ठेवायचा. 'एकटा पडेल' म्हणून जोडीदार आणू नका, एकमेकांना फाडतात. गिनिपिगचं उलटं, त्याला सोबत लागते. आणि हॅमस्टरच्या गालाच्या पिशवीत चिकट पदार्थ जाऊ देऊ नका. आपल्याकडे प्रेमानं गुळाचा खडा देतात. तो पिशवीच्या आतल्या कातडीला चिकटतो, सडतो आणि गाल सुजतो. कोल्हापुरी गूळ माणसांनी खावा, तोबऱ्याला नको.

आयटीतली_राजारामपुरी | मंगळवार, दुपारी ३:००

ऑफिसात सगळे 'हॅमस्टर व्हीलवर पळतोय आपण' म्हणतात. माझ्या आजोबांच्या गुऱ्हाळावर पूर्वी चरकाला बैल जुंपायचे, ते म्हणायचे 'चरकाच्या बैलागत झालंय'. मी आता तेच म्हणते. हॅमस्टर तर हौसेनं पळतो, रात्री उठून. बैलाला कुणी विचारलं नव्हतं.

मराठीच_हवं | मंगळवार, सायंकाळी ६:४०

मला शाळेची बाजू मांडू दे. शिक्षकांनी चुकीचा शब्द दिला हे मान्य. पण मागणी चुकीची नव्हती. प्रत्येक नवीन गोष्टीला आपण इंग्रजी नाव जसंच्या तसं घेत गेलो तर पुढच्या पिढीला शब्द घडवताच येणार नाहीत. 'साठवण्या', 'गालफुग्या', 'कोठारी उंदीर', काहीही चालेल, पण आपलं हवं. चिनी लोक करू शकतात तर आपण का नाही?

खडू_फळा | मंगळवार, रात्री ८:२५

पस्तीस वर्षं मराठी शिकवली, आता निवृत्त आहे. वही बघून मला वाईट वाटलं, आणि लाल पेन मीही कधीतरी असंच चालवलं असणार याची आठवण झाली. साठ वह्या, एक तास, आणि ओळखीचा नसलेला शब्द दिसला की हात काट मारतो. मुलीला बोलावून 'हा कसा असतो गं?' एवढं विचारायला हवं होतं.

'मराठीच हवं' यांना सांगते. तुमची तळमळ माझीच आहे. पण बटाटा, पाव, साबण, चावी हे पोर्तुगीजांकडून आले, टोमॅटो तर मेक्सिकोतून निघून इंग्रजीच्या वाटेनं आला. आज लक्ष्मीपुरीतल्या भाजीवालीला 'बटाटा मराठी नाही' म्हणून बघा. शब्द कुठून आला यापेक्षा तो आपल्या व्याकरणात बसला का, हे मी बघते. त्याची परीक्षा सोपी आहे, प्रत्यय लावून बघायचा.

उंदीर, उंदराला. टेबल, टेबलावर. 'टेबल' जन्मानं परका, पण त्याचं सामान्यरूप झालं, म्हणजे तो घरचा झाला. 'कॉम्प्युटरवर' आपण म्हणतो, 'कॉम्प्युटरावर' अजून जिभेवर येत नाही, म्हणजे तो अजून ओसरीवर बसलाय. 'हॅमस्टरला' लिहा, आज तेच रूढ आहे. पण तुमची मुलगी बोलताना 'हॅमस्टराला' म्हणत असेल तर तिला दुरुस्त करू नका. तो शब्द घरात घ्यायचं काम तीच करतेय.

अनेकवचन 'हॅमस्टर्स' नको. एक उंदीर, दोन उंदीर. एक हॅमस्टर, दोन हॅमस्टर. तो हॅमस्टर, मादी असेल तर 'हॅमस्टरची मादी'. माझ्या नातवानं 'हॅमस्टरीण' म्हटलं होतं, वाघ-वाघीण यावरून. किती बिनचूक कान! गिनिपिगला मात्र बहुतेक मुलं 'ते' म्हणतात, कारण डोक्यात 'पिल्लू' असतं.

आणि तोबऱ्या. हा शब्द मी दिवसभर घोळवतेय. टक्कल, टकल्या. ढेरी, ढेऱ्या. तोबरा, तोबऱ्या. कुणी न शिकवता रचलेला, नियमाला धरून, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही अर्थ कळेल असा. 'साठवण्या' मध्ये प्राणी दिसत नाही हो, 'तोबऱ्या' मध्ये दिसतो. आमच्या सांगलीकडे तोंडात कोंबलेल्या घासाला 'बकाणा' म्हणतात, पण बकाणा माणूस लगेच गिळतो. तोबऱ्यात माल टिकतो. सासूबाईंनी तो फरक न सांगता जाणला.

माझं मत, जातीचं नाव हॅमस्टर राहू दे आणि हाक तोबऱ्या. निबंधात दोन्ही लिहावं, अर्थासकट.

मराठीच_हवं | मंगळवार, रात्री ९:०२

बाई, तोबऱ्या मला मान्य आहे. नुसती हाकच का, जातीचं नाव म्हणूनही वापरू. मी आजपासून वापरणार. फारसी तर फारसी, तीनशे वर्षं घोड्यांनी खाल्लंय त्यात.

पेठेतला_गडी | मंगळवार, रात्री ९:१०

मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला. अलेप्पोच्या शेतकऱ्याचं आलं तेव्हा त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "त्येच्याकडं बी जनावर आसंल की. त्याबिगार कसं सुचंल?" आणि उठून माळ्यावर काय काय आहे ते आठवायला लागल्या. आबांचा तोबरा त्यांनी कित्येक वर्षं जपला होता, २०१९ च्या पुरात माहेरचं घर छपरापर्यंत भिजलं त्यात गेला. घोड्याच्या गळ्यातला घुंगरू तेवढा राहिलाय. तो त्यांनी नातीला दिला.

लेकीनं निबंध पुन्हा लिहिला. माझी मदत घेतली नाही. पहिला परिच्छेद इथं देते, तिची परवानगी घेऊन:

'माझ्याकडे हॅमस्टर आहे. आमची आज्जी त्याला तोबऱ्या म्हणते कारण तो घोड्यासारखा तोबरा भरतो. फक्त घोड्याचा तोबरा बाहेर असतो आणि ह्याचा आत असतो. तो चोरी करत नाही. तो बेगमी करतो. रात्री सगळे झोपले की तो मोजायला उठतो.'

'मोजायला' हे तिचं तिनंच घातलंय. मी ठेवू दिलं.

आज वही घेऊन गेली होती. बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून तोबरा म्हणजे काय ते विचारलं, आणि हिनं फळ्यावर घोडा काढून दाखवला. लाल काट तशीच आहे, पण शेजारी बाईंनी निळ्या शाईनं 'हॅमस्टर' लिहून खाली रेघ मारली आहे.

डॉक्टर, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. सासूबाई त्याला भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट देतात. चालेल का? दोन शेंगा एकदम गालात घालतो आणि मग घराच्या दारातून आत जाता येत नाही त्याला.

जनावरांचा_दवाखाना | बुधवार, रात्री १०:४०

चालेल. खारवलेली नको, साधी, बिनमिठाची द्या. टरफल कुरतडायला चांगलं, दात झिजतात. पण शेंगदाण्यात तेल फार, आठवड्यातून एखादीच. आणि घराचं दार जरा मोठं कापून द्या.